अडतिसावं पान

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
६ एप्रिल २०२५

प्रिय उल्हासराव,
स. न. वि. वि.

पाडव्याला तुम्ही आमच्याकडे दोन दिवस राहिलात, त्यात काय काय खर्ची पडलं ते आज मोजलं. शाल एक, खास पुण्याहून मागवलेली. नारळ एक, तो आमच्या ड्राइव्हवेवर फुटला आणि पाणी गाडीखाली गेलं. व्हिडिओ शूटिंग दोन तास चाळीस मिनिटं. सुलेखाच्या पुरणपोळ्या बावीस, पैकी सत्कारमूर्तींनी खाल्ली अर्धी. आणि चौदा वर्षांचा शेजार. पहिल्या चार गोष्टी भरून येतील.

शेजार म्हणजे प्रोफेसर सेइजी मिझोगामी, ज्यांचं नाव तुम्ही भाषणात तीन प्रकारांनी उच्चारलंत. हा माणूस दर शनिवारी सकाळी नऊला माझ्या मशीन शॉपमध्ये यायचा. स्वतःचं घडीचं स्टूल घेऊन. तीन नंबरच्या लेथजवळ बसायचा, तासभर कटिंग बघायचा, उठताना मान लववायचा आणि जायचा. बाप भातगिरणीत फिटर होता म्हणे, क्यूशूतल्या कुठल्याशा बंदरगावात. चौदा वर्षांत दोन शनिवार चुकले. एकदा बायको गेली तेव्हा, एकदा बर्फानं रस्ता बंद होता तेव्हा. काल तिसरा चुकला.

चुकणारच. माणूस पन्नास वर्षं गणित करतोय आणि तुम्ही त्याला खुर्चीत बसवून, खांद्यावर शाल टाकून सांगता, की शून्याचा शोध आमच्या लोकांनी लावला. पाऊण तास सांगता. शेवटी ते काय म्हणाले, ऐकलंत? नसेल ऐकलं, तुम्ही कॅमेऱ्याकडे बघत होतात. ते म्हणाले, "थँक यू. मी ते बरंच वापरलंय." माझे कान तिखट आहेत. शेजारच्या खोलीतल्या मशीनचं कुठलं बेअरिंग जाणार हे मला भिंतीतून कळतं. शेजारी कधी गेला हेही कळलं.

एवढं लक्षात ठेवा, की तुमचा मिहीर त्यांचा विद्यार्थी आहे आणि त्याची पीएच.डी. त्यांच्या हातात आहे. पुढच्या वेळी शाल घरी ठेवून या.

तुमच्या मंडळानं 'पत्र लिहा, मराठी जगवा' अशी मोहीम काढलीय म्हणून कागदावर लिहितो. पार्सिपनीला पत्र पोचायला चार दिवस लागतात. तेवढ्यात माझा राग निवतो, हा मोहिमेचा खरा फायदा.

वसुधाताईंना नमस्कार.

आपला साडू,
जगन्नाथ चौगुले

---

पार्सिपनी, न्यू जर्सी
१४ एप्रिल २०२५

प्रिय जगन्नाथराव,
सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. त्यातला उपहास वाचला आणि सोडून दिला. आयुष्य यंत्रांच्या सहवासात गेलं की माणसाच्या भाषेला तशी धार येते. सुलेखानं तेव्हा घरच्यांचं न ऐकता जो निर्णय घेतला, तो घेतला. आम्ही आपल्याला कधी परकं मानलं नाही.

सत्कारानं कुणी दुखावत नसतं. जपानी माणूस भावना दाखवत नाही, हे आपल्याला ठाऊक नसावं. त्यांचे डोळे पाणावले होते, मी जवळून पाहिलं.

आता महत्त्वाचं. मिहीर महिनाभर फोन उचलत नाही. उचलला तर "बिझी बाबा, लेटर" म्हणतो आणि ठेवतो. मी ओळखलं. पोरगा काहीतरी फार मोठं करतोय. प्रोफेसरांबरोबर त्याचा शोधनिबंध येणार, हे माझ्या अनुभवी नाकाला कळलंय. तिथे आपली गरज आहे. मी वैद्यकातला माणूस, माझे स्वतःचे एकेचाळीस निबंध आहेत, मला ही रीत पाठ आहे. पहिलं नाव ज्याचं, काम त्याचं. शेवटचं नाव साहेबाचं. मधले सगळे हमाल. दोनच नावं असली की मोठा माणूस धाकट्याला ढकलून पुढे बसतो. तसं होता कामा नये. आपण कुंपणावरून त्यांच्याशी सहज बोलता. सहजच सुचवा, की पहिलं नाव मिहीरचं असावं. हवं तर मी आमरसाचे डबे पाठवतो.

आमच्या घराण्यात सात पिढ्यांत आगाशांचं नाव दुसरं लागलेलं नाही.

आपला,
डॉ. उल्हास आगाशे

---

वूस्टर
१९ एप्रिल

जगन्नाथकाका,

मावशीने रविवारच्या शाळेत शिकवलेलं मराठी आज कामाला आलं. चुकांना हसू नका. समोर बसून सांगितलं असतं तर रडलो असतो, आणि तुमच्या शॉपमध्ये अकरा लोक असतात. म्हणून हे पाकीट काउंटरवर ठेवून जातोय. बाबांना सांगू नका. प्लीज.

सर नवीन स्टुडंटला पहिल्या दिवशी एकच काम देतात. स्वतःचा १९८८चा पेपर देतात, एकसष्ट पानांचा, आणि म्हणतात, "प्रत्येक ओळ वाच. मग ये." सगळं जग ज्याला मिझोगामी थिअरम म्हणतं, तो हाच. त्याच्या आधी नऊ वर्षं सर एकेका वर्षाच्या नोकऱ्या करत सात गावं फिरले. हा पेपर आला आणि पर्मनंट झाले. माझ्याआधी सहा स्टुडंट होते. सगळे एकदोन आठवड्यांत परत गेले आणि "ब्यूटिफुल" म्हणाले. मी पण गेलो, मी पण म्हणालो. खरं सांगू? मी तिसाव्या पानापुढे वाचलंच नव्हतं.

आता शेवटच्या चॅप्टरसाठी पान अडतीस लागलं. तिथे एका स्टेपला सरांनी फक्त एवढंच लिहिलंय, की हे उघडच आहे. मी तीन महिने बघतोय. ते उघड नाहीये काका. विषम डायमेन्शनमध्ये खरं आहे, ते मी प्रूव्ह केलं. सममध्ये खोटं आहे. तुटतं कसं त्याचं उदाहरणच मला सापडलंय. म्हणजे अर्धं थिअरम खोटं.

माझे दोन चॅप्टर त्याच अर्ध्यावर उभे आहेत. सांगितलं तर चॅप्टर गेले, सरांचं नाव गेलं, आणि मग ते मला नोकरीसाठी रेकमेंडेशन कशाला देतील? ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, घरी कुणी नाही. नाही सांगितलं तर जूनमध्ये डिग्री. सदतीस वर्षं कुणाला कळलं नाही, पुढेही कळणार नाही.

तुम्ही काय केलं असतं?

मिहीर

---

श्रूजबरी
२२ एप्रिल

चि. मिहीर,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत ट्रकमध्ये बसून वाचलं. दोनदा. मराठी झकास आहे, तुझ्या बाबांच्या भाषणापेक्षा स्वच्छ.

मी आयटीआयचा टर्नर, गणितातलं मला ओ का ठो कळत नाही. पण 'हे उघडच आहे' हे वाक्य चांगलं कळतं. इचलकरंजीत आम्ही त्याला 'चालतंय की' म्हणायचो. मी जेवढा माल फुकट गेलेला बघितला, तेवढा 'चालतंय की'नं गेलेला बघितला.

माझ्या शॉपमध्ये एक नियम आहे. आपण केलेला पीस आपण तपासायचा नाही. दुसऱ्याच्या हातात द्यायचा. करणाऱ्याच्या डोळ्याला स्वतःची चूक दिसत नाही, त्याला जे करायचं होतं तेच दिसतं. आणि दुसरं. तुला देवांग आठवतो? हुशार पोरगा, माझा उजवा हात. गेज चुकीचं दाखवतंय हे त्याला सोमवारी कळलं आणि तो गुरुवारी बोलला. नऊशे पीस भंगारात गेले. मी त्याला काढला. चुकीसाठी नाही काढला, चूक रोज कुणीतरी करतंच. मधल्या तीन दिवसांसाठी काढला.

तुझे तीन महिने झालेत. चौथा लागू देऊ नकोस.

ईमेल करू नको. कागद हातात घेऊन सकाळी जा आणि उभा राहून सांग. बसलं की माणूस सारवासारव करतो. ते चिडतील, घालवून देतील, पण खाणार नाहीत. बिचाऱ्याला काही ठाऊक नाही हे मात्र मी तुला लिहून देतो. चौदा वर्षं दर शनिवारी माझ्या शेजारी बसलेला माणूस आहे. पोटात लबाडी असली की श्वासाला आवाज येतो, कोरड्या बेअरिंगसारखा. मला तो ऐकू येतो. ह्या माणसाचा श्वास स्वच्छ आहे.

तुझ्या बाबांना मी सांगणार नाही. त्यांना सांगणं आणि मंडळाच्या स्मरणिकेत छापणं एकच.

मावशीनं लाडू दिलेत. खा. वाळलास म्हणे.

काका

---

पार्सिपनी
३० मे २०२५

प्रिय जगन्नाथराव,

दीड महिना झाला, आपलं उत्तर नाही. कुंपणावर एक वाक्य बोलायला एवढा काळ लागू नये. तिकडे लेथवर माणूस काय करतो हे मी पाहिलंय, बटण दाबून उभा राहतो.

असो. मी माझ्या बाजूनं पुढे गेलोय. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी मंडळाचा हॉल घेतला. मिहीरचा जाहीर सत्कार. चारशे माणसं. प्रोफेसरांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावणार, ते स्वतःच्या तोंडानं सांगतील. त्यासाठी आपल्याकडून एक पितळी पाटी हवी, बारा इंच बाय आठ. मजकूर असा: 'मिहीर उल्हास आगाशे, प्रथम लेखक'. खाली प्रोफेसरांचं नाव लहान अक्षरांत. अक्षरं सुबक काढा, घरचं काम आहे म्हणून पोरांच्या हाती देऊ नका.

मिहीरशी परवा तीन मिनिटं बोलणं झालं. आवाज बसलेला. मी म्हटलं, थकलास का? म्हणाला, "बाबा, आय मे नॉट फिनिश धिस इयर." मी समजलो. विषय इतका वाढलाय की एका वर्षात मावत नाही. मी शेजारच्या पटेलांना लगेच सांगितलं.

वसुधा मात्र उगाच काळजी करते. आईची जात.

उल्हास

---

वूस्टर
१२ जून

काका,

सॉरी, तुमच्या पत्रानंतरही मला दीड महिना लागला. मंगळवारी गेलो. उभा राहूनच सांगायचं ठरवलं होतं. मी पेपर त्यांच्या टेबलावर ठेवला, आणि मी तोंड उघडायच्या आधी सर म्हणाले, "अडतीस?"

मी मान डोलावली.

त्यांनी खालचा ड्रॉवर उघडला. आत तेच पान होतं, पिवळं पडलेलं. समासात पेन्सिलने उदाहरण लिहिलेलं. माझंच उदाहरण, काका. माझ्यापेक्षा दोन ओळींनी छोटं. खाली तारीख, ऑक्टोबर २००९.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"सोळा वर्षं."

"मग बोलला का नाही?"

"मी वाट बघत होतो."

"कशाची?"

"वाचणाऱ्याची." मग त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. दोनशे बारा पेपरांमध्ये लोकांनी हे थिअरम वापरलंय. त्याला अवॉर्ड देणाऱ्या कमिटीत पाच जण होते. सहा स्टुडंट. "सगळे म्हणाले ब्यूटिफुल. जो ब्यूटिफुल म्हणतो त्याने वाचलेलं नसतं. तूही म्हणाला होतास." आणि ते हसत होते. आपण सगळे किती मूर्ख आहोत ह्याची त्यांना मजा वाटत होती.

मी म्हटलं, "माझे दोन चॅप्टर?"

"चूक आहेत."

"चार वर्षं मी ते लिहीत होतो, आणि तुम्ही दर आठवड्याला ते बघत होता!"

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तू वाचलं नसतंस."

काका, मला आजपर्यंत कुणाचा तिरस्कार वाटला नव्हता. आता वाटला. मी म्हटलं, "मी हे छापणार. तुम्ही नको म्हणालात तरी. एकटा छापीन."

त्यांनी ते पिवळं पान ड्रॉवरमधून काढून माझ्या पेपरशेजारी ठेवलं. मग हसणं गेलं. म्हणाले, "दोघांनी छापू. चूक माझी आहे. तिच्याखाली मला सही करू दे."

म्हणजे अडीच पानांचं करेक्शन जाणार, दोघांच्या नावाने. माझं एक वर्ष वाढलं. सर म्हणाले, रेकमेंडेशन लिहीन. त्यात एकच वाक्य असेल. कुठलं ते विचारायची मला इच्छा झाली नाही.

बाबांना आता तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ते ऐकत नाहीत, कौतुक करतात.

आणि काका, त्यांचा श्वास स्वच्छ नव्हता.

मिहीर

---

श्रूजबरी
६ जुलै २०२५

प्रिय उल्हासराव,
स. न. वि. वि.

उशीर झाला. कारण होतं, ते आता मिहीरच्या परवानगीनं लिहितो. बसून वाचा. मोठ्यानं वाचू नका, पटेल ऐकतील.

तुमच्या मुलानं प्रोफेसरांच्या प्रसिद्ध सिद्धांतातली चूक शोधली. पान अडतीस. त्या चुकीनं अर्धा सिद्धांत पडला आणि त्याचे स्वतःचे दोन चॅप्टरही पडले. झाकून ठेवलं असतं तर जूनमध्ये डॉक्टर झाला असता. त्यानं झाकलं नाही. आता डिग्री पुढच्या वर्षी. जो लेख येणार आहे तो ह्या चुकीच्या दुरुस्तीचा आहे, अडीच पानांचा. आणि गुरुवर्यांना ही चूक सोळा वर्षं ठाऊक होती. हे सगळं चारशे माणसांसमोर कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण हेच सांगा.

परवा चार जुलैला संध्याकाळी ते टोमॅटोला पाणी घालत होते. मी कुंपणापाशी गेलो. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी मान लववली नाही.

म्हटलं, "ठाऊक असून सोळा वर्षं गप्प?"

त्यांनी पाईप खाली ठेवला. म्हणाले, "मी तुझ्या शॉपमध्ये कामाला असतो तर?"

"चौथ्या दिवशी हाकलला असता."

"माहीत आहे. म्हणून तर मी शनिवारी येत होतो," म्हणाले. "तिथे पीस तपासतात."

माझ्याजवळ बोलण्यासारखं बरंच होतं. पोराची चार वर्षं तुम्ही भंगारात घातली, हे बोललो. जग वाचत नाही म्हणून जगाला हसत बसणारा माणूस त्या जगाहून काडीनं मोठा नसतो, हेही बोललो. जपानीत काय म्हणतात ठाऊक नाही, पण आमच्यात ह्याला मस्ती म्हणतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. टोमॅटोच्या वाफ्यात पाणी साचत राहिलं.

निघताना तुमचं काम आठवलं. लाज वाटत होती, पण साडूचा शब्द मोडवेना. म्हटलं, "माझ्या साडूंची एक विनंती आहे. पहिलं नाव मुलाचं असावं."

ते आधी माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. इतके, की कुंपण धरावं लागलं. चौदा वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. डोळे पुसत म्हणाले, "तुझ्या साडूंना सांग, पहिलं नाव मुलाचंच असेल. मी शब्द देतो."

तेव्हा तुमचं काम झालं. पाटी करतोय, स्वतः. मजकूर तुम्ही दिलाय तोच.

जाता जाता एक. वसुधाताई सुलेखाला फोनवर सांगत होत्या, फोन स्पीकरवर होता, माझा दोष नाही. तुमच्या एकेचाळीस निबंधांत तुमचं नाव एकदाही पहिलं नाही आणि शेवटचंही नाही म्हणे. मधल्यांना तुम्ही काय म्हणता ते एप्रिलच्या पत्रात वाचलं होतं.

जगन्नाथ

---

पार्सिपनी
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय जगन्नाथराव,
सप्रेम नमस्कार.

आपण आला नाहीत, फार मोठ्या सोहळ्याला मुकलात. चारशेची तयारी होती, चारशे तीस आले. शॉमबर्गहून माझे बॅचमेट मुद्दाम विमानानं आले. लेख त्याच आठवड्यात प्रसिद्ध झाला. मी दोनशे प्रती काढून प्रत्येक खुर्चीवर ठेवल्या. 'आगाशे आणि मिझोगामी'. त्या क्रमानं! डोळे भरून आले.

आपण जुलैत लिहिलेली ती चुकीबिकीची भानगड मी सभेत काढली नाही. लोकांना तपशिलात रस नसतो. विज्ञान असंच पुढे जातं, एवढं म्हटलं. मिहीरला बोलायला लावलं तर दोनच मिनिटं बोलला. "आय ओन्ली फाउंड अ मिस्टेक. आय शुड हॅव फाउंड इट फोर इयर्स अगो." त्याच्या ह्या विनयानं हॉल डोक्यावर घेतला. लोक उभे राहिले. तो मात्र खाली उतरला आणि पार्किंग लॉटमध्ये जाऊन बसला. वसुधा त्याच्याजवळ बसली. कलावंत माणसं अशीच.

प्रोफेसर आले नाहीत. चिठ्ठी आली, एका ओळीची: 'कृपया अडतिसावं पान वाचा.' मी ती वाचून दाखवली, काहीतरी झेनसारखं आहे, सर्वांना आवडली.

पाटी सुरेख झालीय. फायरप्लेसच्या वर लावली. येणारा प्रत्येक जण वाचतो. मी सांगतो, की जपानी माणूस मानाची जागा सहजासहजी सोडत नाही, पण मी मुळातच आग्रह धरला, माणूस मध्ये घातला, आणि एवढ्या मोठ्या गणितज्ञाला माझ्या मुलासाठी एक पायरी खाली उतरवलं. कुंपणावर ते हसले असं आपण लिहिलंत. ते कौतुकानं हसले असणार.

स्मरणिकेसाठी त्यांच्याकडून तेवढी चार ओळींची पावती आणा, की प्रथम स्थान त्यांनी स्वखुशीनं मिहीरला दिलं. एवढं आपल्याला जमेल.

उल्हास

---

श्रूजबरी
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय उल्हासराव,
स. न. वि. वि.

पाटी आवडली, आनंद आहे. पितळ आहे, महिन्यातून एकदा पुसत जा.

मिहीर गेले दोन आठवडे आमच्याकडेच आहे. सभेनंतर सरळ इकडे आला. जेवतो, झोपतो, सकाळी सातला टेबलाशी बसतो. विषम बाजूचं जे खरं उरलंय त्यातून नवीन दोन चॅप्टर होतील म्हणतो. वसुधाताई रोज फोन करतात. तुम्हीही करा, पण नुसतं "जेवलास का?" एवढंच विचारा.

प्रोफेसरांनी त्या दोनशे बारा लेखांच्या लेखकांना स्वतः पत्रं पाठवली, दुरुस्ती जोडून. उत्तरं आली नऊ. त्यातली सात 'ब्यूटिफुल' म्हणणारी. डिसेंबरात ते निवृत्त होतायत. समारंभ नको म्हणाले. काल शनिवारी नऊ वाजता स्टूल घेऊन दारात उभे होते. माझ्या माणसांनी माझ्याकडे बघितलं. देवांगला मी परत घेतलं नव्हतं. मी स्टूल उघडू दिलं नाही. तपासणीच्या टेबलाशी उभं केलं आणि हातात मायक्रोमीटर दिला. तासाभरात एकशे दहा पीस तपासले, दोन बाद केले. ते दोन्ही खरंच बाद होते.

माझ्या कानांबद्दल मी मिहीरला एप्रिलमध्ये बरंच काही लिहिलं होतं. ते पत्र मी त्याच्याकडून परत मागून घेतलं.

आता तुमची पावती. काल निघताना मी त्यांना म्हटलं, साडूंना लिहून हवंय. ते पुन्हा हसले, पण जुलैएवढे नाही. लिहून देतो म्हणाले, पण देण्यासारखं काही नाही. त्याचं कारण त्यांनी मला कुंपणावरच समजावलं होतं, आणि मिहीरला विचारलं तर तोही तेच म्हणाला. हे मला जुलैपासून ठाऊक होतं, तुमचा सोहळा व्हावा म्हणून लिहिलं नव्हतं. डॉक्टरांच्या निबंधांत नावं मानानं लावतात. गणिताच्या लेखावर सगळ्या जगात आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमानं लावतात.

आगाशे ए वरून, मिझोगामी एम वरून.

जगन्नाथ